सिंथेटिक टाकलं की ऑइल कमी होते, जाडं टाकलं की थांबते? मंग हे तपासा

आपल्याकडे कारंजा-दारव्हा-दिग्रस या पट्ट्यात हा प्रॉब्लेम इतक्या गाड्यांत दिसून राहिला की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. गाडी जुनी, सव्वा-दीड लाख किलोमीटर झालेली, बहुतेक सेकंडहँड घेतलेली डिझेल, आजपर्यंत तिच्यात साधं मिनरल ऑइल. कोणीतरी सांगते सिंथेटिक टाक, इंजिन मऊ चालते, मालक पैसे खर्च करून टाकतो अन् हजार-दोन हजार किलोमीटर झाले की डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेला, अंगणातल्या फरशीवर काळा डाग, कधी सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर. मंग मिस्त्री म्हणते, "भाऊ, हे पातळ तेल तुमच्या गाडीले नाई जमत, जाडं टाका." जाडं टाकलं की डाग कमी होतो, मालकाला वाटते काम झालं. पुढच्या वर्षी परत कोणीतरी सिंथेटिक सुचवते अन् परत तेच चक्र.

या चक्रात मूळ बिघाड कोणीच शोधत नाही, तो तसाच राहते अन् वाढत जाते. जाड्या तेलाने गळती झाकली जाते, सील काही नवं होत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ इथंच आहे. मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना लोक एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात अन् त्यांना वाटते एकच बदलली. आधी गाडीत असते १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल, अन् नंतर टाकतात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. म्हणजे तेलाचा प्रकार तर बदललाच, पण ग्रेडपण बदलला. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा म्हणजे इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, १०० डिग्रीला, तेल किती जाड राहते ते. ३० ग्रेडचं तेल १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्समध्ये (हे तेलाच्या जाडीचं माप) बसते, ४० चं १२.५ ते १६.३, अन् ५० चं १६.३ ते २१.९. म्हणजे ५० वरून ३० वर आले तर गरम इंजिनात तेल जवळपास अर्ध्या जाडीचं झालं, मंग जुन्या सीलमधून ते पाझरणारच. यात सिंथेटिकचा काय दोष? सिंथेटिकमध्येच ५डब्ल्यू-४० मिळते, ते गरम झाल्यावर १५डब्ल्यू-४० मिनरलच्याच गटात येते. गाडीच्या पुस्तकात ४० ग्रेडला परवानगी असेल अन् गाडी जास्त धावलेली असेल तर मी सरळ ५डब्ल्यू-४० सांगतो, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. पण नवीन पेट्रोल गाडी असेल अन् पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तिथं स्वतःच्या मनाने जाडं टाकू नका, त्या इंजिनाची ऑइलची वाट, बेअरिंगमधली फट अन् व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा पातळ तेल धरूनच बनवलेली असते.

दुसरं एक ऐकायला येते की ५डब्ल्यू थंड मुलखासाठी, आपल्या विदर्भात मे महिन्यात ४५ डिग्री, आपल्याला काय करायचं. हे चूक आहे. १५डब्ल्यू-४० तेल ४० डिग्रीला शंभर सेंटीस्टोक्सच्या वर असते अन् तेच १०० डिग्रीला चौदा-पंधरावर येते. म्हणजे भर उन्हाळ्यातपण उभ्या गाडीतलं तेल, इंजिनाच्या हिशोबाने, सात पट जाडं आहे. सकाळी स्टार्टर मारल्यावर वरच्या कॅमपर्यंत, टर्बोपर्यंत तेल लवकर पोचलं पाहिजे, इंजिनाची झीज तिथंच जास्त होते. त्यामुळे डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान असण्याचा फायदा आपल्यालापण आहे, डिसेंबरात तर आहेच.

रबराचं सील खराब होते म्हणतात, त्याचंपण सांगतो. सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिक तेलांनी, म्हणजे १९७० च्या दशकातली गोष्ट, काही सील आकसायचे, हे खरं आहे. जुन्या मिनरल तेलात असे काही घटक असतात ज्यांनी रबर थोडं फुगते अन् घट्ट बसते, शुद्ध सिंथेटिकमध्ये ते नसतात. म्हणून कंपन्या नंतर सील फुगवणारे घटक मुद्दाम टाकायला लागल्या अन् आजच्या कोणत्याही बऱ्या सिंथेटिकला ही अडचण नाही. आज जे होते ते वेगळं. दहा-बारा वर्षं गरमीत राहून रबर कडक झालेलं असते, त्याच्या कडेला जुन्या तेलाचा चिकटा जमून त्या चिकट्यानेच भेग बंद केलेली असते. नव्या तेलातलं डिटर्जंट हळूहळू तो चिकटा काढते अन् आधीपासूनची भेग उघडी पडते. म्हणून पहिल्या दिवशी काही दिसत नाही अन् हजार किलोमीटरनंतर डाग पडायला लागते.

आता तपासायचं कसं. सगळ्यात आधी हे पाहा की ऑइल खरंच कमी होऊन राहिलं का. गाडी सपाट जागेवर पाहिजे, आपल्या अंगणाला पाण्यासाठी उतार दिलेला असते, तिथं उभी करून पाहिलं तर लेव्हलमध्ये चांगलाच फरक येते. इंजिन गरम करा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, काठी काढून पुसा, परत पूर्ण आत घाला अन् मंग पाहा. दोन्ही बाजू पाहा, एका बाजूला तेल ओढलेलं दिसत असेल तर कमी दाखवणारी बाजू धरा. अजून एक, नवा फिल्टर रिकामा असते, तो पाव लिटरच्या आसपास तेल पिते, त्यामुळे गॅरेजवाल्याने इंजिन चालू न करताच वरच्या खुणेपर्यंत भरून दिलं तर घरी येऊन लेव्हल कमीच दिसणार. ती गळती नाही, टॉपअप करा अन् मंग मोजायला सुरुवात करा. उलट वरच्या खुणेच्या वर भरू नका, "थोडं जास्त राहू द्या, कमी होतेच ना" असं म्हणणारे भेटतात, पण जास्त तेल क्रँकला लागून फेसाळते, आतला दाब वाढते अन् तेच सीलमधून बाहेर येते.

मोजायचं म्हणजे असं की वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, हजार किलोमीटर चालवा, अन् परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती तेल लागलं ते मापाच्या बाटलीने पाहा. बहुतेक गाड्यांत काठीवरच्या दोन खुणांमध्ये एक लिटरच्या आसपास अंतर असते, त्याच्यावरूनपण अंदाज येते. हजार किलोमीटरला शंभर-दोनशे मिली जात असेल तर दीड लाख चाललेल्या इंजिनाला माझ्या हिशोबाने ठीक आहे, काठी पाहत राहा. अर्धा लिटरच्या वर गेलं तर मात्र कारण शोधायलाच पाहिजे. काही कंपन्या आपल्या पुस्तकात हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालते असं लिहितात, पण ते वॉरंटीच्या हिशोबाने लिहिलेलं असते, त्याच्यावर समाधान मानू नका.

कमी होते हे पक्कं झालं की प्रश्न एकच, बाहेर जाते की आत जळते.

बाहेरच्या गळतीसाठी लोक खाली वाकून पाहतात, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) ओलं दिसते, म्हणतात चेंबरचं पॅकिंग गेलं. चेंबर सगळ्यात खाली आहे, वरून कुठूनही तेल आलं तरी तिथंच येऊन थांबणार, अन् चालत्या गाडीत वाऱ्याने ते मागे मागे ढकललं जाते. म्हणून आधी धुवा. थंड इंजिनावर ब्रशने डिझेल लावून जुना चिकटा काढा, साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या, अल्टरनेटर अन् वायरिंगच्या सॉकेटवर पिशवी बांधा, प्रेशरचं पाणी मारू नका. वाळल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकून बसवा, टॅपिट कव्हरची कडा, फिल्टरच्या भोवती, टायमिंगच्या बाजूचं क्रँक सील, प्रेशर स्विच, चेंबरची कडा, ड्रेन नट. मंग वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा अन् टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ एकदम स्पष्ट दिसते अन् ती रेघ जिथून सुरू होते तीच जागा. रात्री खाली एक मोठं पुठ्ठं टाकून ठेवा, पुढचं चाक कुठं आहे त्याची खूण करा, सकाळी डाग इंजिनाखाली आहे की गिअरबॉक्सखाली हे कळून जाते.

सिंथेटिक टाकल्या टाकल्या दुसऱ्याच दिवशी गळती सुरू झाली असेल तर सीलच्या मागे लागू नका, आधी ड्रेन नट अन् फिल्टर पाहा. ड्रेन नटाखालचं वायसर तांब्याचं नाहीतर अॅल्युमिनियमचं असते, ते एकदा दाबून बसण्यासाठी असते. हातात घेऊन पाहिलं तर दोन्ही बाजूला गोल चरा पडलेला दिसते, काहींवर तर एकमेकांना कापणारे दोन-दोन चरे, म्हणजे तेच वायसर किती वेळा फिरवून लावलंय ते लगेच कळते. वीस-तीस रुपयांची वस्तू, दर वेळी नवी लावायला सांगा. गळते म्हणून पान्याला पाइप लावून नट आवळू नका, अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले तर मोठं काम निघते. फिल्टरचं असं की कधी कधी जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहते अन् नवा फिल्टर त्याच्या रबरासकट त्याच्यावर बसवला जाते. दोन रबर एकावर एक, उभ्या गाडीत काही होत नाही अन् प्रेशर आलं की तेल बाहेर फेकते. हे धोकादायक आहे, दहा किलोमीटरमध्ये चेंबर रिकामं होऊ शकते.

आता ज्या गोष्टीकडे आपल्या भागात कोणीच पाहत नाही ती सांगतो, ब्रीदर. इंजिन चालताना पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतेच, तो बाहेर काढायला टॅपिट कव्हरवरून एक पाइप इनटेकला जाते, पेट्रोल गाडीत त्याच्यात छोटा पीसीव्ही व्हॉल्व्ह असते. हा रस्ता बंद झाला की आतला दाब जायला जागा नाही, मंग तो जिथं कमजोर सील मिळेल तिथून तेल ढकलते. नवं सील टाकलं तरी सहा महिन्यांत परत गळते अन् सगळे म्हणतात माल डुप्लिकेट होता. गावातल्या गावात चालणाऱ्या गाड्या, घर ते शेत, शेत ते बाजार, तीन-चार किलोमीटरमध्ये बंद, इंजिन कधी नीट गरमच होत नाही, त्यामुळे आत वाफेचं पाणी साचते अन् पावसाळा-हिवाळ्यात झाकणाखाली, ब्रीदर पाइपात पांढुरका-पिवळा फेस धरते. तो फेस सुकून, त्याच्यात काजळी मिसळून पाइपचं तोंड बारीक होत जाते. पाइप काढून हातात दाबून पाहा, कडक झाला असेल, आत करंगळी घातली अन् काळा चिकटा निघाला तर तुमचं उत्तर सापडलं.

याची साधी टेस्ट आहे. इंजिन आयडलला ठेवा, तेल भरायचं झाकण सैल करून जाग्यावरच नुसतं उलटं ठेवा, हात-तोंड दूर ठेवा कारण गरम थेंब उडतात. डिझेल गाडीत झाकण थोडं थरथरलं तर ठीक, उडून बाजूला पडत असेल तर एकतर ब्रीदर चोक आहे नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ब्रीदर साफ करून परत तीच टेस्ट करा, फरक पडला तर ब्रीदर, नाही पडला तर रिंग-बोअरचं काम. पेट्रोल गाडीत झाकणाच्या भोकावर कागद ठेवला तर तो हलका आत ओढला गेला पाहिजे, बाहेर फेकला जात असेल तर पीसीव्ही पाहा. झाकणाखाली फेस आहे म्हणून लगेच हेड खोलायला देऊ नका. काठीवरचं तेलच दुधाच्या चहासारखं झालं असेल अन् सोबत कूलंटपण कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या अन् गाडी चालवणं थांबवा. नुसत्या झाकणाला फेस असेल, काठी स्वच्छ असेल, कूलंट जाग्यावर असेल तर गाडी आठवड्यातून एकदा तरी पंचवीस-तीस किलोमीटर सलग चालवा.

बाहेर कुठंच डाग नाही अन् तरी कमी होते, म्हणजे जळते. धुराची वेळ पाहा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका अन् मंग साफ, तर वॉल सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरचे सील) गेले, रात्रभर तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपलेलं असते. लोड घेताना, चढावर, ओव्हरटेकला निळा धूर सतत, तर रिंगा. बराच वेळ आयडल राहिल्यावर रेस दिली की धूर अन् टर्बोच्या पाइपात तेल साचलेलं, तर टर्बोचं सील, पण टर्बोला दोष देण्याआधी ब्रीदर परत एकदा पाहा, कारण ब्रीदरचं तेलपण त्याच पाइपात जाते. नुसता हलका ओलावा पाइपात असतोच, त्याला घाबरायचं नाही. वॉल सील बऱ्याच इंजिनात हेड न उतरवता बदलता येतात, मिस्त्री जाणता पाहिजे.

रिंगा आपल्याकडे लवकर जायचं कारण तेलापेक्षा धूळ जास्त. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, रस्त्याच्या कडेला हडंबा (मळणी यंत्र) चालू, हवेत कुटार (भुसा), पांदणीवर काळ्या मातीची बारीक धूळ, पुढं कापसाच्या गाड्यांमागचे तंतू. एअर फिल्टर सर्व्हिसच्या दहा हजार किलोमीटरची वाट पाहत नाही, या दोन-तीन महिन्यांत तो दर पंधरा दिवसांनी काढून पाहा. काम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारली तर धूळ अजून आत जाऊन बसते, आतून बाहेर अन् लांबून मारा, अन् कागद फाटला असेल किंवा बॉक्सचं क्लिप ढिलं असेल तर फिल्टर असून नसल्यात जमा आहे. ही धूळ बोअर घासते अन् मंग कितीही भारी सिंथेटिक टाका, ऑइल जाणारच. रेडिएटर अन् एसीच्या जाळीत अडकलेलं कुटारपण काढा, इंजिन तापलं की तेल जास्त जळते.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून अजून एक प्रकार पाहून राहिलो. नागपूर-शिर्डीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून जी गाडी जन्मभर गावात साठ-सत्तरने चालली ती आता कारंज्याला चढते अन् १२० ने दीड-दोन तास सलग पळते. एवढ्या वेळ जास्त आरपीएमवर तेल खूप गरम होते, जुन्या रिंगांतून जास्त वर चढते, अन् गावात महिनोन्‌महिने कमी न होणारं ऑइल एका मुंबई वारीत खालच्या खुणेला येते. इथं सिंथेटिकच चांगलं, कारण ते गरमीत कमी उडते अन् टर्बोच्या शाफ्टवर त्याचा कोळसा कमी होते. निघायच्या आधी अन् परत यायच्या आधी काठी पाहा, अन् टर्बो गाडी असेल तर खाली उतरून थांबल्या थांबल्या चावी बंद करू नका, मिनिटभर आयडल राहू द्या.

उलटा प्रॉब्लेमपण आहे, तो बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, त्या गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असते अन् ती काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल मारते. छोट्या फेऱ्यांत हे जळणं अर्धवट राहिलं की ते डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. काठीवर लेव्हल वाढलेली दिसते अन् मालक खुश, एक थेंब कमी नाही म्हणते. काठी नाकाजवळ नेऊन वास घ्या, डिझेलचा वास येत असेल अन् लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर ऑइल बदला, जास्तीचं तेवढं काढून चालणार नाही कारण उरलेलं पातळ झालेलंच आहे. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागते, डब्यावर एसीइए सी२, सी३ असं लिहिलेलं असते, पुस्तकात जे असेल तेच. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतलं ऑइल यांच्यात अजिबात टाकू नका, डीपीएफ राखेने भरते अन् ती राख जळत नाही.

जुन्या गाडीत सिंथेटिक टाकायच्या आधी बरेच ठिकाणी अर्धा लिटर डिझेल किंवा रॉकेल टाकून दहा मिनिटं इंजिन चालवतात, "आतून धुऊन निघते" म्हणून. माझा याला ठाम विरोध आहे. जमलेला गाळ एकदम सुटून खाली ऑइल पंपाच्या जाळीत बसला तर प्रेशर जाते, बेअरिंग जाते, अन् हजाराचं काम पन्नास हजारावर जाते. त्यापेक्षा सिंथेटिक अन् नवा फिल्टर टाका, तीन-चार हजार किलोमीटरला काढा, ते काळंकुट्ट निघेल, परत नवं टाका अन् मंग नेहमीच्या अंतरावर या. डिझेलमध्ये ऑइल दोन दिवसांत काळं होते, ते काम करून राहिलं म्हणून काळं होते, रंगावरून खराब ठरवू नका.

आता गिअरबॉक्स. तक्रार अशी असते की सिंथेटिक गिअर ऑइल टाकल्यावर दुसरा-तिसरा गिअर करकर करते, किंवा आधी चांगला पडायचा तो आता अडते. इथं नव्वद टक्के वेळा चुकीचं ऑइल पडलेलं असते. पुढच्या चाकावर चालणाऱ्या बऱ्याचशा मॅन्युअल गाड्यांना जीएल-४ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा) लागते, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० अशा ग्रेडमध्ये. अन् गॅरेजमध्ये जो ड्रम उभा असते तो जीप, पिकअप अन् ट्रकच्या मागच्या हाउसिंगसाठीचा (डिफरन्शियल) जीएल-५ नव्वद. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठीचं गंधक-फॉस्फरसचं ऍडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते, हाउसिंगच्या क्राउन-पिनियनला ते पाहिजेच, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते सोसत नाही, अन् रिंगेला पकड पाहिजे असते तिथं निसरडेपणा येते, म्हणून करकर. डब्यावर नुसतं सिंथेटिक अन् ९० पाहून घेऊ नका, जीएल नंबर पाहा. ते काढून बरोबर जीएल-४ टाकलं तर बऱ्याच वेळा दोन-तीनशे किलोमीटरमध्ये गिअर सुधारते. नाही सुधारला तर रिंगा घासल्या आहेत किंवा क्लच पूर्ण सुटत नाही.

बदलताना आधी भरायचा नट ढिला करा, मंग खालचा ड्रेन खोला. उलटं केलं अन् वरचा नट जाम निघाला तर गिअरबॉक्स रिकामा अन् गाडी तिथंच. लेव्हल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट पाहिजे, नुसतं पुढून जॅक लावून भरलं तर लेव्हल चुकते. ड्रेन नटाच्या मॅग्नेटवर करडा बारीक लेप असेल तर चालते, नखाला टोचणारे तुकडे असतील तर बॉक्स खोलावा लागेल.

गिअरबॉक्स एक्सलच्या सीलमधून परत परत गळत असेल तर त्यालापण ब्रीदर असते, वर छोटी टोपी किंवा पाइप. पावसाळ्यात पांदणीतून गाडी नेली की काळी माती त्याच्यावर बसते, वाळली की दगड होते अन् टोपी बंद. बॉक्स गरम झाला, दाब वाढला, सीलमधून तेल बाहेर. सील बदलायच्या आधी ती टोपी साफ करा. इंजिन अन् गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असते, तो आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील, जळकट काळं असेल तर क्रँकचं मागचं सील. दोन्हींसाठी बॉक्स उतरवावा लागते, म्हणून उतरवलाच तर दोन्ही सील अन् क्लच प्लेट पाहूनच परत बसवा, मजुरी एकदाच लागते.

ऑटोमॅटिक गाडीत स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सीव्हीटीला (बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सीव्हीटीचंच फ्लुइड, पुस्तकात ज्या नावाचं लिहिलं तेच, साधं एटीएफ टाकलं तर बेल्ट घसरते अन् बॉक्स जाते. एएमटी (जिच्यात गिअर यंत्रणाच टाकते) मात्र आतून मॅन्युअलच आहे, तिला गिअर ऑइल साधंच, पण काहींमध्ये गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं असते, दोन्हींची मिसळ करू नका.

डबा घेताना सील, बॅच नंबर, तारीख पाहा, बिल घ्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा, कारण तेच डबे परत भरून विकले जातात. बाईकचं ऑइल गाडीत नको. कच्चे रस्ते, धूळ, छोट्या फेऱ्या, ओझं, हे सगळं पुस्तकातच कठीण वापर म्हणून लिहिलेलं असते, तिथं दहा हजार किलोमीटरचं अंतर निम्म्यावर आणायला सांगतात, सिंथेटिक आहे म्हणून वीस हजार ओढू नका.

सगळं तपासलं, ब्रीदर साफ आहे, गळती नाही, वॉल सीलमुळे थोडं जाते अन् आत्ता खर्च करायचा नाही, तर पुस्तकात चालत असेल ते ५डब्ल्यू-४० टाका, जास्त धावलेल्या गाड्यांसाठीचं, ज्यात सील मऊ करणारं ऍडिटिव्ह असते ते मिळालं तर अजून चांगलं, अन् त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा डिक्कीत ठेवा. रस्त्यात तेच मिळालं नाही तर त्याच ग्रेडचं अन् डब्यावर तोच एपीआय दर्जा लिहिलेलं दुसऱ्या कंपनीचं टाकलं तरी चालते, मिनरल असलं तरी सिंथेटिकमध्ये मिसळते, गुठळ्या वगैरे होत नाहीत. अन् डॅशबोर्डवरचा लाल ऑइलच्या कुपीचा दिवा लागला तर पुढच्या फाट्यापर्यंत नेऊ म्हणू नका, तो दिवा प्रेशर गेल्याचा आहे, तिथंच कडेला घ्या अन् इंजिन बंद करा.